खेकडा नंबर सात

तीर्थस्वरूप आत्यास,

लांबूनच साष्टांग नमस्कार (जवळून घालायला प्रयोगशाळा रजा देत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा राग उतरला का? मी बरा आहे.

तू विचारलं होतंस, खेकड्यांचं मी नेमकं करतो काय. पायाच्या सांध्यात बारीक सुई घालून रक्त काढतो. ते निळसर असतं आणि त्याला गोठायची भारी घाई, म्हणून सिरिंजमध्ये आधी न गोठण्याचं औषध भरावं लागतं (पहिल्या दिवशी विसरलो, बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, नुसतं पाहिलं). मग मेलेले जंतू टोचून रक्तपेशी काय करतात ते बघायचं. एकटादुकटा जंतू त्या सरळ गिळतात. जास्त आले तर घोळक्याने घेरून त्यांची काळी गाठ करतात. नव्या पाहुण्याला आपल्या घरचे घेरतात, साधारण तसंच. फक्त आतोबांना लग्नातला अपमान जसा तारीखवार आठवतो, तशी आठवण खेकड्याच्या रक्तात फारशी राहत नाही.

ओळखायला आम्ही पाठीवर नेलपॉलिशने नंबर घालतो. सोमवारी सात नंबरवाल्याला उचललं, सुई टोचली, रक्त येईना. दहा मिनिटं झटलो. शेवटी वहीत ‘रक्तपेशी शून्य’ लिहिलं आणि बाईंना गंभीरपणे सांगितलं की याची प्रतिकारशक्ती पार संपली. त्यांनी तो उलटा केला. आत कोणी नव्हतंच! खेकड्याने कवच टाकलं होतं आणि मी टरफलाची रक्ततपासणी करत बसलो होतो.

खरा सात कोपऱ्यात मऊ पडून होता. कवच टाकलं की रक्तपेशींचे आकडे बदलतात, त्यामुळे तो प्रयोगातून बाद. “शुक्रवारी बर्फात ठेव आणि मोकळा हो,” बाई म्हणाल्या. बर्फात म्हणजे कायमचाच. मला काही वाटलं नाही. या कामात जीव गुंतवून चालत नाही.

कळावे,
तुझा भाचा

ता. क. मासे गेल्यापासून तुझी काचेची टाकी रिकामीच आहे ना? याला वीतभर गोडं पाणी आणि लपायला एक दगड पुरे.

ता. क. दुसरा : दोन महिन्यांत मी नऊ वेळा त्याचं रक्त काढलं, नऊ वेळा तो सावरला. माझ्याच्याने नाही होणार गं, आत्या. आतोबांना बजावून ठेव, हा खायचा नाही.

ता. क. तिसरा : पत्र आणणारा माझा मित्र अजून दारातच उभा असेल. त्याला बस म्हणायच्या आधी त्याच्या हातातला भोकांचा डबा घे.