पेवातली ज्वारी

बाबा, पुस्तकं आली. तीनशे प्रती, पन्नास-पन्नासचे सहा गठ्ठे, अमरावतीच्या छापखान्यातून इथे अकोल्याला टेम्पोने. छपाई-बांधणी अकरा हजार चारशे, टेम्पोचं भाडं दोनशे ऐंशी, जिन्यावरून वर आणणाऱ्या हमालाला वीस आणि चहा. पहिली प्रत देवापुढे ठेवली, दुसरी तुमच्या फोटोपुढे. ही सव्वा वर्षापूर्वीची गोष्ट. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा एवढ्या उशिराबद्दल तुम्ही रागावणार नाही असं धरून चालते. वाटलं होतं, थोड्या खपू देत, मग चांगली बातमीच लिहू. ती बातमी काही आली नाही. दोनशेच्या वर प्रती अजून दिवाणात आहेत. हे म्हणतात, "दिवाणावर झोपायचं की वाचनालय म्हणून वर्गणी भरायची, एकदा सांगून टाक." चिडून नाही म्हणत, पण म्हणतात.

कादंबरी तुमचीच आहे, म्हणजे तुम्ही सांगितलेली. तिवशाच्या घरी स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची आणि तुम्ही शाळेतून आलात की पाटावर बसून आपल्या पणजोबांच्या आईची गोष्ट सांगायचात. अमेरिकेत लढाई लागली, विलायतेच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडातला कापूस हवासा झाला, आणि भाव असा चढला की माणसांनी बैलांच्या शिंगांना चांदीचे टोप घातले. तिच्या नवऱ्याने सगळं काळं रान कापसाखाली घातलं. ती म्हणत होती, चार तासं, चार ओळी तरी ज्वारीच्या ठेवा. नाही ठेवली. मग लढाई संपली, भाव कोसळला, कापूस घरात पडून, आणि बाजारात दाणा चांदीच्या भावाने. अंगणात धान्य साठवायचं पेव होतं, विहिरीसारखं खोल. ती रोज त्याचं तोंड उघडून आत बघायची. पुढचं तुम्ही एकाच वाक्यात सांगायचात, आणि ते सांगताना आईचा थापता हात थांबायचा.

नववीत मी या गोष्टीवर निबंध लिहिला होता. त्यात मी पेवाच्या तळाशी तिला ज्वारी सापडवून दिली, पायलीभर. वर्गात टाळ्या पडल्या. मास्तर तुम्हीच. घरी आल्यावर तुम्ही वही पुढे ओढता, शेवटच्या परिच्छेदावर तांबडी रेघ मारता आणि अगदी हळू म्हणता, "सापडली नव्हती, बाई. तू निबंधात जेवू घातलं म्हणून तिचं पोट भरत नाही. लोकांले बरं वाटावं म्हणून मेलेल्या माणसाले खोटं पाडू नये." मी त्या दिवशी जेवले नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत. पण आठ दिवसांनी अमरावतीहून शाईचं पेन आणलंत आणि माझ्या दप्तरात ठेवलंत. मॅट्रिकचा पेपर त्याच पेनाने लिहिला. पुढे लग्न झालं, मुलं झाली, आणि भाजीपाल्याच्या हिशेबामागच्या कोऱ्या पानांवर सात वर्षं ही कादंबरी लिहिली. शेवट तुमचा ठेवला. पेव रिकामं. ती जाते.

तीन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, म्हणून स्वतः छापलं. इथल्या वाचनालयाने प्रत फुकट मागितली आणि वर म्हणाले, खाकी कव्हर घालूनच द्या. परीक्षणासाठी सात वर्तमानपत्रांना पाठवली, एकाने 'पोच' म्हणून एक ओळ छापली. मग संक्रांत आली आणि मला अक्कल सुचली. म्हटलं, दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटतो, यंदा हळदीकुंकवाला पुस्तकच वाण म्हणून देऊ, चाळीस घरांत तरी जाईल. वाण लुटायचं असतं, वाचायचं नसतं, हे मला पन्नाशीतही कळू नये? रथसप्तमीच्या आत जठारपेठेत एकीकडे हळदीकुंकवाला गेले, तर माझंच पुस्तक माझ्या पदरात आलं. वर कुंकवाचा अंगठा, आतली पानं करकरीत. देणारीने नावही पाहिलं नव्हतं. वाणाला नाही म्हणता येत नाही. घेतलं, तिळगूळ खाल्ला, गोड बोलले आणि घरी येऊन भांडी आपटली. वर कोपऱ्यावरचा पुस्तकांचा दुकानदार म्हणतो, "ताई, वाणात मिळते ते पुस्तक विकत कोण घेईन?"

पण त्या चाळीसांतली एक प्रत फिरत फिरत शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंकडे गेली. मोर्शीकडच्या शेतकरी घरातल्या, चौथी शिकलेल्या. भिंग घेऊन तीन आठवडे वाचत होत्या. मग एक दिवस दुपारी काठी टेकत आल्या, पाणीही घेतलं नाही, आणि दारातच विचारलं, "काहून वं मारलं तिले?"

मी म्हटलं, आजी, तसंच झालं होतं.

"झालं असन. पण लिहिनारी तू होतीस नं? जवारी का तुले विकत आना लागत होती? पायलीभर सापडू देली असती त तुह्या बापाचं काय जात होतं?"

बाबा, तुमचंच तर जात होतं. पण त्या डोळे पुसत होत्या, त्यांना काय सांगणार. दोनशे साठ पानांना सव्वा वर्षात मिळालेली एक खरी वाचक, आणि तिला तांबडी रेघ मारायची हिंमत मला झाली नाही.

गेल्या आठवड्यात अमरावतीला गेले होते, अंबादेवीचं दर्शन घेऊन मोठ्या पुस्तकवाल्याकडे डोकावले. तो भला माणूस आहे, निदान वाचून बोलतो. म्हणाला, "ताई, लिहिता छान. पण आमची पुस्तकं आहेरात जातात. भुकेनं मेलेली बाई लग्नात कोण देणार? शेवटची सोळा पानं नवीन छापून बांधून आणा, तिला वाचवा. दीडशे प्रती मी घेतो." घरी येताना सबंध रस्ता मी त्याच्याशी मनात भांडत होते. तुमची वाक्यंही तोंडावर फेकली. त्याला काय, उद्या म्हणेल लढाईच होऊ देऊ नका. पण अजून त्याला नाही म्हणून कळवलेलं नाही. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. तुमच्याशिवाय हे विचारायला मला कोणी नाही, आणि हे पत्र कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही, तरी उलट टपाली कळवा.

आणि एक सांगायचं राहिलं. काल चतुर्थीचा उपास होता. नुसतं बघू म्हणून ती सोळा पानं लिहून पाहिली. त्या अमरावतीच्या पुस्तकवाल्यासाठी नाही, त्या आजींसाठीही नाही. तिला ज्वारी सापडली, तिने दळली, भाकरी केली, आणि मी तिला दोन वाढल्या. मग तिसरी वाढली. माझा हात काही थांबेना, बाबा.