काथ्याची मॅट आणि ओपनिंगची जागा

मी, मुश्ताक इब्राहीम हमदुले, वय वर्षे तेवीस, मूळ राहणार बाणकोट, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम देरा, दुबई, इयत्ता सातवी पास, गोदामात स्टोअरकीपर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, दुखते ते पोट. शनिवारी माझ्या अंतर्गळाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण भूल देणार आहेत, आणि त्यानंतर मला काही बोलता येणार नाही.

१. आई मैमुनाबी व बहीण साजिदा यांना शरीयतप्रमाणे होईल तो हिस्सा मिळावा. त्यात मी लुडबूड करत नाही.

२. शरीयतप्रमाणे मालमत्तेचा तिसरा भाग आपल्या मर्जीने बाहेरच्यांना देता येतो. माझी काथ्याची मॅट त्यात बसते, हे मौलवींना विचारून घेतले आहे. ही मॅट वाळूवर ताणून खिळे ठोकल्याशिवाय बाणकोट इलेव्हनला इथे क्रिकेट खेळता येत नाही. मी स्वतः खेळत नाही, मला चेंडूची भीती वाटते. पण तीन वर्षे दर शुक्रवारी ती मीच खांद्यावर नेली, अंतर्गळही त्यातूनच झाला, आणि आपली टीम बँकवाल्यांच्या टीमकडून चौदा वेळा हरताना पाहिली.

३. हरण्याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे, लिहितो मी एकटा. आमचे कॅप्टन खैरुद्दीनचाचा. आम्हा प्रत्येकाला त्यांनीच इकडे आणून कामाला लावले. म्हणून ओपनिंगला तेच उतरतात आणि आमचा अंपायर त्यांना आउट देत नाही. चाचा तासभर उभे राहून नऊ रन काढतात, तोवर जुम्म्याच्या नमाजाची वेळ होते आणि खेळ आवरावा लागतो. एका ओव्हरमध्ये तीन चौकार मारणारा मुनीर पॅड बांधून बसून राहतो.

मागल्या शुक्रवारी चाचांचा मधला स्टंप उडाला. अंपायर हमीदभाई म्हणाले, "वाऱ्याने पडला."

मी ओरडलो, "हमीदभाई, वारा कुठंय?"

चाचा म्हणाले, "मुश्ताक, तुझ्या बापाच्या जनाज्याला मी खांदा दिलाय."

"दिलात चाचा, विसरलो नाही. पण स्टंप पडला."

तेव्हापासून चाचा माझ्याशी बोलत नाहीत. मी शब्द मागे घेत नाही.

४. तरी मॅट टीमलाच देतो. अट एकच: ओपनिंगला मुनीर. मान्य नसेल तर मॅट बाणकोटला आईकडे पाठवावी, ती तिच्यावर सुकट वाळत घालील. बँकवाल्यांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

५. मी जिवंत उठलो तरी अट कायम. मेलो आणि त्यानंतर टीम जिंकली, तर स्कोअर माझ्या कबरीजवळ मोठ्याने वाचावा. कोणी किती रन काढले तेही सांगावे.

६. वडीलधाऱ्याच्या सहीशिवाय आमच्यात कागद खरा धरत नाहीत, म्हणून हा कागद चाचांकडेच नेतो आहे. त्यांनी फाडला तर दुसरी प्रत ट्रंकेत आहे.

देरा, दुबई
गुरुवार, ता. १२ नोव्हेंबर १९६४
सही: मुश्ताक इब्राहीम हमदुले

साक्षीदार १: खैरुद्दीन दाऊद मुकादम. सगळे वाचले. उद्या ओपनिंगला मुनीर. मी तीन नंबरला, त्याहून खाली नाही. मॅट आम्ही चौघे उचलू. तू हात लावलास तर याद राख.

साक्षीदार २: हमीद अजीज परकार. चाचांनी सही केली म्हणून लिहितो. वारा नव्हता.