काढायची राहिलेली खूण

१४ मार्च

ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तुम्हीही असाल. बायकोचा खोकला गेला. लेकीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे ती सध्या तोंड मिटून हसते. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला, आता तो दोन ठिकाणी गळतो.

रोज फोनवर बोलतो आणि पत्र कसलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "असू दे रे" म्हणशील आणि मी लगेच गप्प बसेन, म्हणून पत्र.

परवा तू सांगितलंस, तुझ्या खुर्च्या विणण्याच्या कामासाठी मी करून दिलेली वेबसाइट बघून अकरावा फोन आला. कुणाच्या तरी आजोबांची झुलती खुर्ची, वेताची बैठक पार फाटलेली. "विणायचं बंद केलंय हो," असं तू त्यांना सांगितलंस आणि वर मलाच म्हणालीस, "तुझी साइट मात्र झकास चालली हं!" ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साइट तयार होत असताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण करतात: सर्च इंजिनांनी इकडे फिरकू नये. काम झालं की ती खूण काढून टाकायची आणि पानांची यादी त्यांच्याकडे पाठवायची. मी दोन्ही विसरलो. तुझ्या चाळीस खुर्च्यांचे फोटो चढवले, सगळ्यांकडून पाठ थोपटून घेतली आणि विसरलो.

पाच महिने तू विचारत होतीस, "अरे, शोधून सापडत का नाही?" मी "वेळ लागतो" म्हणत राहिलो. एकदाही उघडून बघितलं नाही. मग आईकडे जेवताना, भावजींसमोर, मोठ्या शहाण्यासारखा बोललो, "ताई, खुर्च्या विणून घेतंय कोण आता? लोकांना नकोच आहे ते." तू हातातला घास तसाच ताटात ठेवलास. आठवड्याभरात तुझ्या कामाच्या भाड्याच्या शेडच्या मालकाला कळवलंस, महिनाअखेर किल्ली देते.

इथवर विसराळूपणा होता. पुढचं वाईट आहे.

तू म्हणालीस म्हणून साइट बंद करायला उघडली, तेव्हा ती खूण दिसली. किल्ली द्यायला अजून सोळा दिवस होते. मी खूण काढली, यादी पाठवली आणि मूग गिळून बसलो. वाटलं, तेवढ्यात एखादं गिऱ्हाईक येईल, सगळं निस्तरेल, कुणाला कळायचंही नाही. कुणी आलं नाही. वेताच्या मोळ्या टेम्पोत चढवायला मीच आलो होतो. हातावरच्या चिरा दाखवत तू म्हणालीस, "चला, आता ह्या तरी भरतील." तेव्हाही बोललो नाही. पहिला फोन त्यानंतर नऊ दिवसांनी आला.

आता तू शाळेच्या ऑफिसात दिवसभर झेरॉक्स काढतेस आणि समजतेस की तुझं काम कुणाला नको होतं. तसं नव्हतं गं. ते कुणाला दिसलंच नाही, आणि ते माझ्यामुळे.

लाज वाटते. "माफ कर" असं लिहिलं होतं, ते खोडलं, कारण तू लगेच करशील. त्याऐवजी एक कर. रविवारी आईकडे सगळे जेवायला बसलो की हे पत्र भावजींसमोर मोठ्याने वाच. मी समोरच असेन. तुझ्या कामाबद्दल मी जे बोललो, ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

बहिणीच्या कामापेक्षा स्वतःची अब्रू जपलेला,
तुझा धाकटा भाऊ