पहिला छर्रा पाहुण्यांचा

नवीन पनवेल,
घटस्थापना

आदरणीय विश्वजीतराव यांना आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. आपला गुडघा कसा आहे? दादा अजून जिने चढत असतील तर माझी शपथ घाला, असं पद्मजा म्हणते. (घातली.)

पत्रास कारण, आमच्या नेमबाजी क्लबाच्या दसऱ्याच्या स्पर्धेला आपण प्रमुख पाहुणे म्हणून यावं. आपल्यासारखा वक्ता पनवेलला मिळत नाही. आमच्याकडे आधी पाहुण्यांचं भाषण होतं, मग पाहुणेच पहिला छर्रा झाडून उद्घाटन करतात. आणि पाहुणा ज्यांच्या घरचा, रायफलही त्यांच्याच घरची, अशी पद्धत आहे. त्या निमित्ताने आपल्या भाचीच्या, रेवाच्या रायफलला आपला हात लागेल.

या रायफलने मात्र माझा जीव खाल्ला. तिच्या नळकांड्यात हवा ठासून भरलेली असते आणि प्रत्येक छर्र्यामागे मोजून तितकीच हवा सोडायची, हे रेग्युलेटरचं काम. आमचा रेग्युलेटर कामात असला की सरळ वागतो. पण रायफल नुसती ठेवली की आतला दाब हळूहळू चढतो (आमचे साहेबही रिकामे बसले की असेच चढतात) आणि पुढचा पहिला छर्रा वर जातो. जितका वेळ ठेवाल तितका जास्त वर. रेग्युलेटर म्हटल्यावर मी ती एसटी स्टँडजवळ शेगड्या दुरुस्त करणाऱ्या काशीरामकडे नेली. त्याने साबणाचं पाणी फासलं, बुडबुडा येत नाही हे पाहिलं आणि म्हणाला, "गळत तर नाय. शेगडी कुठं हाय?" मग पद्मजाने मीठ-मिरच्यांनी रायफलची दृष्ट काढली. दोन दिवस सगळं घर खोकत होतं, रेग्युलेटर तसाच. आतली रबरी कडी बदलायला हवी. ती मागवली आहे, पण दिवाळीआधी येत नाही.

गेली दोन वर्षं रेवा पहिल्याच छर्र्याला मागे पडली. क्लबाचे अध्यक्ष दाजी सरावाचा छर्रा मारू देत नाहीत. पूजा झाली की रायफली झेंडूखाली, आणि भाषण संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. यंदाही हरले तर रायफल विकून टाका, असं रेवाने मला सांगितलंय. हे सांगताना ती रडली नाही, त्याचीच मला भीती वाटते.

आपला,
उदयसिंह

ता. क. : वक्ता म्हणून बोलावतोय असं वर लिहिलं, ते अगदीच खोटं नाही, पण खरी गरज तुमच्या छर्र्याची आहे. तो वर जाणार. तो एकदा तुमच्या हातून गेला की रेवाचे सगळे सरळ. मंडळी हसतील, तेवढं सोसा.

पुन्हा ता. क. : छर्रा झाडल्यावर आभाराचे दोन शब्दही बोलू नका. तुमचे दोन शब्द मी ऐकलेत. तेवढ्यात दाब परत चढेल.

आणखी ता. क. (रेवाकडून) : मामा, पत्र पोस्टात टाकायला बाबांनी माझ्याकडेच दिलं. तुम्हाला कोणी हसलेलं मला चालणार नाही. अनुष्काताईच्या लग्नातलं तुमचं भाषण क्लबवर मोबाइलवर लावलं, ते संपेपर्यंत रायफल ठेवून दिली आणि मग मारलं. दोन-तीनदा केलं. दर वेळी छर्रा बरोबर बोटभर वर. तेव्हा तेच भाषण करा, आणि नेम बोटभर खाली धरा. नवरा-नवरीचे आशीर्वादसुद्धा गाळू नका, टायमिंग बिघडेल.