बाण सुटत नाही, वन्सं

ती. वन्सं यांस,

सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे माझा उजवा खांदा. जमिनीपर्यंत वाकून तो परत वर येईल याची हमी डॉक्टर देत नाहीत, तेव्हा तेवढा नमस्कार मनातल्या मनात घ्यावा.)

इकडे सर्व क्षेम. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून वाजतात, की लेकीच्या घरी लिफ्ट असल्यामुळे त्यांनाही तिथलं सुख मानवलं? नातीला दात आले का? आले असतील तर चष्मा जपा, त्या वयात चष्म्याच्या दांड्या फार गोड लागतात. लेकीला, जावयांना आशीर्वाद. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलात त्याला आता वर्ष होत आलं, पण त्याबद्दल मी काही म्हणत नाही. नात लहान आहे, लेकीला नोकरी आहे. कॅलेंडर समोरच टांगलेलं आहे म्हणून आपलं लिहिलं.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोन आला की तुमचे बंधू तो स्पीकरवर टाकतात आणि माझ्या प्रत्येक वाक्यात स्वतःचं एक वाक्य घालतात. परवा तुम्ही 'खांदा कसा आहे' विचारलंत आणि मी 'झकास' म्हटलं. ते खोटं नव्हतं. खांदा झकासच आहे. बाकी सगळ्याची बोंब आहे, आणि ती स्पीकरवर मारण्यासारखी नाही.

पहिल्यापासून सांगते. सगळ्या जगाला वाटतं की माझा खांदा तिरंदाजीत गेला. भेटायला आलेली माणसंसुद्धा 'या वयात धनुष्यबाण कशाला' असा चेहरा घरूनच करून आली होती. मी कोणाला खरं सांगितलं नाही. इतकी वर्षं धनुष्य ओढून ज्या खांद्याने हूं की चूं केलं नाही, तो गेला माळ्यावरून तुमची ती मोठी तपकिरी बॅग उतरवताना. (तुम्ही स्टुलाशी उभ्या राहून 'सांभाळून, तिचं कुलूप नाजूक आहे' म्हणत होतात. कुलूप शाबूत राहिलं.) तुम्ही दुसऱ्या दिवशी निघालात तेव्हा मी डाव्या हाताने निरोप दिला, ते तुमच्या लक्षात आलं नाही. यात तुमचा काही दोष आहे असं मी कधी बोलले नाही. आजही बोलत नाही, फक्त लिहिते आहे.

शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर इतका कोवळा होता की 'डॉक्टर कधी येणार?' असं मी त्यालाच विचारलं. पण हाताला गुण आहे हो. आतलं फाटलेलं त्याने असं शिवलं की रफूवाल्यानेही मान डोलवावी. पुढे कित्येक आठवडे हात गळ्यात आणि घर तुमच्या बंधूंच्या हातात. माणूस मनाचा चांगला, पण धुतलेली पातेली उपडी घालायची असतात हे त्यांना अजून पटलेलं नाही. रोज सकाळी प्रत्येक पातेल्यात तळाशी पाणी, आणि मी एका हाताने ते ओतते आहे. 'मला सांगायचंस की' असं म्हणतात. सांगून सांगून तोंडाला फेस आला.

मग आली फिजिओथेरपीवाली. अंगाने काडी, पण बोटं म्हणाल तर सांडशी. तिने एक निळा रबरी पट्टा आणला, स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. ओढायचं, हनुवटीपर्यंत आणायचं, थांबायचं आणि हळूच परत न्यायचं. झटका द्यायचा नाही. मधेच सोडायचं तर मुळीच नाही, सोडलंत तर शिवण उसवेल. हे 'हळूच परत' ती अशा काही आवाजात म्हणायची की झोपेतसुद्धा मला तेच ऐकू यायचं. पण खरं सांगू? मला तो व्यायाम फार आवडला. धनुष्य ओढण्याचीच तर ती चाल! दार उघडं ठेवलं की सरळ रेषेत खुर्चीत पेपर वाचत तुमचे बंधू बसलेले. मी ओढायची, त्यांच्या भुवयांच्या मधोमध नेम धरायची आणि हळूच परत. सांगितलं त्याच्या दुप्पट केलं, वन्सं. सकाळी केलं, दुपारी केलं, कोणी बोलून गेलं की हमखास केलं. फिजिओवाली म्हणाली की असा मन लावून व्यायाम करणारा पेशंट तिने पाहिलेला नाही. अति तिथे माती म्हणतात ना, ती अशी गोळा होत होती.

शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली, हलक्या धनुष्याची. आपल्या तिरंदाजीच्या मास्तरांनी गोदामातून शोधून जे काढलं ते गुलाबी होतं. त्यावर फुलपाखरू होतं. पोरांच्या वर्गातलं सगळ्यात हलकं धनुष्य, मूठ माझ्या दोन बोटांत मावेल एवढी. पण माझी तक्रार नव्हती. आली अंगावर तर घेतली शिंगावर, म्हटलं, फुलपाखरू तर फुलपाखरू. आपल्या नेहमीच्या जागेवर, भिंतीकडून चौथ्या खुणेवर, जाऊन उभी राहिले. लक्ष्य मास्तरांनी इतकं जवळ आणलं होतं की चप्पल फेकली तरी मधोमध लागावी. शिट्टी झाली. बाण लावला, दोरी ओढली, हनुवटीला टेकवली, नेम धरला, थांबले.

आणि हळूच परत आणली.

मला वाटलं, पहिलाच दिवस आहे, होतं असं. पुन्हा ओढली. खांद्यात कळ नाही, हात थरथरत नाही, पिवळा ठिपका स्वच्छ समोर. बोटं उघडायची तेवढी राहिली होती. तर हात आपला शहाण्या बाळासारखा पुढे गेला आणि दोरी जागेवर ठेवून आला. जो हात मी इतके महिने परत आणायला शिकवला, तो आता सोडायचं नाव घेत नाही! मी त्याला मनात काय काय बोलले ते पत्रात लिहिता येणार नाही.

आता आपल्या मैदानाचा नियम तुम्हाला माहीत आहेच, रेषेवरच्या शेवटच्या माणसाचा शेवटचा बाण सुटल्याशिवाय बाण गोळा करायला कोणी पुढे जायचं नाही. एरवी किती शहाणा नियम! त्या दिवशी सगळे आपापले बाण मारून मोकळे झाले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी ओढते, परत आणते. ओढते, परत आणते. लोहाराचा भाता बरा. दातांच्या डॉक्टरीणबाई खाली बसल्या. त्या उंच पोस्टमनने पाय बदलून बदलून शेवटी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. आणि रागावत कोणीच नाही, सगळे प्रेमाने बघतायत. कोणी खेकसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी 'सावकाश, काकू, सावकाश.' अहो, सावकाशच तर चाललं होतं!

शेवटी मीच धनुष्य खाली ठेवून बाजूला झाले. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तोपर्यंत सल्ल्यांचा बाजार भरला. मास्तर म्हणाले, मनात तीन आकडे मोजा. मोजले. तीनला दोरी जागेवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मिटून घ्या. मी डोळे मिटले तशी अख्खी रांग माझ्या पाठीमागे गेली. फिजिओवालीकडे तक्रार घेऊन गेले, तर तिला आनंदच झाला. स्नायूंनी किती छान लक्षात ठेवलंय, म्हणाली! सोडायचा व्यायाम मात्र तिच्याकडे नाही, तिच्याकडे सगळे धरायचे आहेत. तुमचे बंधू म्हणाले, मी मागून गुदगुल्या करू का? हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी पातेल्यांवरून भांडण काढलं.

यात भर म्हणजे कार्यवाह. रेषेवर जागा कमी, नवी माणसं ताटकळलेली, हे सगळं मलाही दिसतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावून, समोर पाणी ठेवून, अत्यंत गोड शब्दांत सांगितलं की चौथी खूण आपल्या जोडीची आहे, पण जोडीतली एक बाहेरगावी आणि दुसरीचा बाण सुटत नाही. तेव्हा या महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या जोडी-स्पर्धेत मी निदान एक बाण मारून दाखवावा. लागला पाहिजे असंही नाही, म्हणाले, नुसता सुटला तरी चालेल. नाहीतर खूण दुसऱ्या जोडीला, आणि आपल्या दोघींसाठी झाडाखाली दोन खुर्च्या. 'सन्माननीय' म्हणून. वर बक्षिसं वाटायचा मान! सुटलेला बाण आणि निघालेला शब्द परत येत नाही म्हणतात. माझा बाण येतो, शब्द मात्र गेला. त्यांना मी काय म्हणाले ते मास्तर तुम्हाला कधीतरी सांगतीलच. पाणी मी प्यायले नाही.

आणि मग मला तुमची ती सवय आठवली. मी नेम धरून फार वेळ थांबले की तुम्ही मागून थर्मास वाजवत म्हणायचात, 'चहा गार होतोय गं!' काय राग यायचा मला! थर्मासात कुठे चहा गार होतो? पण त्या रागातच बोटं उघडायची आणि बाण जायचा तो पिवळ्यात. (पिवळ्यात कधी कधी. निळ्यात धरू.) या गोष्टीवरून मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले की तुम्ही गेल्यावर मास्तरांना म्हटलं होतं, आता जरा शांतपणे नेम धरता येईल. शांतता भरपूर मिळाली.

म्हटलं, चला, वाक्यच हवंय ना. मास्तरांना म्हणायला सांगितलं. ते इतक्या अदबीने 'आपला चहा गार होतो आहे' म्हणाले की मी आभार मानले. पोरांनी एका सुरात ओरडून पाहिलं, तर शेजारच्या खुणेवरच्या माणसाचा बाण सुटला. (कुंपणात गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही.) मग तुमच्या बंधूंना थर्मास देऊन मागे उभं केलं. त्यांनी आधी तो उघडून पाहिला. मी दोरी ओढली, हनुवटीला टेकवली, आणि मागून ते अगदी खऱ्या काळजीने म्हणाले, 'अगं, खरंच गार झालाय.' झाकण नीट लावलंच नव्हतं! मी दोरी हळूच परत आणली, धनुष्य खाली ठेवलं, आणि आम्ही दोघांनी तो गारढोण चहा रेषेच्या मागे उभं राहून संपवला. बिस्किटं आणायची राहिली, असं ते वर म्हणाले.

तेव्हा मी ठरवलं आहे की हे सगळं पुरे. माणसाला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. झाडाखाली सावली असते, खुर्चीला पाठ असते, बक्षिसं हलकी असतात. मी अगदी आनंदात आहे, आणि हे पत्र नुसतं खुशालीचं आहे, त्यात दुसरा काही मतलब शोधत बसू नये. गुडघ्यांना तेल लावत जा. नातीचा पापा.

तुमची भावजय
(चौथी खूण, तूर्तास)

ता. क. तुमच्या धनुष्याची दोरी उतरवून ठेवली आहे, मूठ पुसली आहे, बाणांची सुटलेली पिसं चिकटवून घेतली आहेत. खुर्चीवर बसणाऱ्या बाईच्या धनुष्याची एवढी उठाठेव कशाला, असं तुमचे बंधू विचारत होते. त्यांना पातेली दाखवली.

ता. क. दुसरं. शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी या. मी फोनवर विचारलं असतं तर तुम्ही नातीचं कारण सांगितलं असतंत आणि मी 'हो हो, बरोबर आहे' म्हटलं असतं, म्हणून हे पत्र. लेकीला मी आधीच कळवलं आहे, ती रजा घेते आहे. तुम्ही बाण मारा किंवा मारू नका, गुडघ्यांवर सोडते. पण माझ्या मागे उभ्या राहा आणि ते वाक्य तुमच्या त्या खडूस आवाजात म्हणा. दुसऱ्या कोणाच्या आवाजाचा मला राग येत नाही, वन्सं. घरात तुमच्याशी भांडायची इतकी सवय झाली होती की तुम्ही गेल्यावर घर नुसतं गप्प बसून असतं. मला तुमची फार आठवण येते. लिहिलं एकदाचं.

ता. क. शेवटचं. येताना ती तपकिरी बॅगच आणा. छोटी पिशवी घेऊन आलात तर सोमवारी परतायचं ठरवून आलात हे मी दारातच ओळखीन. बॅग आता माळ्यावर ठेवायची नाही, तुमच्या खोलीत पलंगाखाली जागा करून ठेवली आहे. वर चढवली की कधी ना कधी उतरवावी लागते, आणि माझा आता एकच खांदा शिल्लक आहे.