ट्रंकेतला वास

२ मार्च
घरात विष नको म्हणून नवऱ्याने पाळण्याचा नवा रंग खरवडून काढला! खेळणी माळ्यावर, फरशी पुसायचं औषध घराबाहेर. बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं, आणि बाप नाकाला रुमाल बांधून फिरतोय. आई म्हणाली, "मग दुकानातले कपडे तरी कशाला? कसले कसले रंग असतात. माझ्याकडे जुने आहेत." याला लगेच पटलं. सासू-जावयाचं एकमत म्हणजे दुर्मिळ योग.

४ मार्च
आईने तिची ट्रंक उघडली. झबली, दुपटी, टोपडी, सगळं मऊसूत. आणि तो वास! डांबराच्या गोळ्यांचा, थंड, गोडसर. लहानपणी मी त्या ट्रंकेत डोकं घालून बसायचे, आई ओढून काढायची. आज बाळाला त्यातल्या दुपट्यात गुंडाळून कुशीत घेतलं आणि मलाच डोळा लागला. सकाळ की दुपार, हल्ली कळत नाही. पडदा हलतो, बाळ हलतं, मी हलते — सगळं पाण्याखाली असल्यासारखं. सुख सुख म्हणतात ते हेच असावं.

७ मार्च
राजे नुसते झोपतात. दूधसुद्धा झोपेतच. "गुणी आहे गं," आई म्हणते.

८ मार्च
खिडकीपाशी नेलं तेव्हा दिसलं. डोळे पिवळे. लंगोटावर डाग — काळ्या चहासारखा.

९ मार्च
दवाखाना. निळ्या दिव्याखाली निजलाय, डोळ्यांवर पट्टी. मी काचेला नाक लावून बघत राहते.

डॉक्टरीणबाईंनी दुपटं हुंगलं. "डांबराच्या गोळ्या?" त्याच्या रक्तात काहीतरी कमी आहे म्हणे, जन्मापासूनच. अशा बाळांचं रक्त या गोळ्यांच्या वासानेही फुटतं. "आईकडून मुलाला येतं हे. तुम्हाला बहुधा तुमच्या आईकडून आलं असेल. बायकांना सहसा त्रास होत नाही." घरातली एकूण एक गोळी काढा म्हणाल्या.

बिचारा पाळणा! चोर सोडून संन्याशाला फाशी. आईला सगळं सांगितलं. तिने दुपटं माझ्या हातातून काढून घेतलं.

११ मार्च
आंघोळीला घरी आले तर आई नाकाने गोळ्या शोधत होती. कपाटं, गाद्यांच्या घड्या, बेसिनची जाळी, कोटाचा खिसा. नवरा म्हणाला, "पोलिसांनी ठेवून घ्यावं यांना." एरवी तिने त्याला सोडला नसता. सगळं पिशव्यांत बांधून बाहेर काढलं. कपडेही. "ट्रंकही टाक," म्हणाली.

खिडक्या सताड उघड्या. घराला आता कसलाच वास नाही, दुसऱ्याच कुणाच्या घरात आल्यासारखं वाटतं. आणि मला तो वास हवासा वाटला! माझं बाळ तिकडे पडलंय आणि मला वास हवाय. लाज वाटली.

१४ मार्च
रक्त सुधारतंय! आज राजांनी असं भोकाड पसरलं की नर्स धावत आली. मी मात्र ऐकतच बसले. जीव भांड्यात पडला.

१६ मार्च
घरी आलो. बाळ आईच्या मांडीवर. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, महिन्याचा होऊन गेला. ती कधीच त्याच्याबद्दल बोलत नाही. आज बोलली. "तोही असाच पिवळा पडला होता. त्याच्याही कपड्यांत मी गोळ्या घालायचे गं."

म्हटलं, "तेव्हाच्या गोळ्या वेगळ्या असायच्या, आई. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या."

"खरंच?"

"खरंच."

मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.