गेराटीबाईंचा हॉट प्रेस

मलिंगार, आयर्लंड, १४ फेब्रुवारी १९९९

ती. स्व. दादास,
वृंदाचा सा. न. वि. वि. खुशाली कळवायला बसले खरी, पण खुशाली नाहीच, तेव्हा आधी संकट सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घेतलेलं हे घर म्हणजे खाली टॉम गेराटीची बंद पडलेली लाँड्री आणि वर राहायची जागा. टॉम वारला, त्याच्या बायकोनं ते आम्हाला विकलं. आता शेजारच्या डेक्लनच्या विहिरीत ड्रायक्लीनिंगचं रसायन सापडलंय! कौन्सिलच्या माणसांनी आमचं अंगण खणून पाहिलं. म्हणे सत्तरच्या सुमारास लाँड्रीची टाकी गळत होती, ते सगळं जमिनीत मुरलंय. जमीन आता तुमची, तेव्हा जूनअखेर सफाई सुरू करा. खर्चाचा आकडा ऐकून सलील मटकन खालीच बसला. घर विकून भागणार नाही, आणि असलं घर घेणार तरी कोण? डेक्लनची पोरं बाटलीतलं पाणी पितात. तो समोर दिसला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वकील म्हणतो, गेराटीबाईंना कोर्टात खेचा. बाई ऐंशीच्या पुढच्या, स्वोर्ड्सला लेकीकडे असतात. किल्ल्या देताना त्यांनी मला पोटाशी धरलं होतं रे. पण सलील हट्टाला पेटलाय. तुझी उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली, काही सुचतं का बघ.

तन्वी शाळेत रमलीय, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. थंडीत दही लागत नव्हतं, पण वर गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट आहे, त्यात विरजण ठेवते. सुरीनं कापावं असं लागतं. तेवढंच एक सुख.

तुझा लोभ आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.
वृंदा

पुणे, २ मार्च १९९९

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद. सलीलरावांना आधी घोटभर पाणी दे. बाटलीतलं.

कोर्टाची घाई नको. टॉमनं धंद्यासाठी पॉलिसी घेतलीच असणार, आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारी. लोकांना वाटतं, मुदत संपली की पॉलिसी मेली. साफ चूक! जुन्या पॉलिसीत दावा कधी केला ते बघत नाहीत, नुकसान कधी झालं ते बघतात. टाकी गळत होती त्या वर्षांची पॉलिसी आजही जागी होईल. मात्र त्याच वर्षांची हवी. पुढे कंपन्या शहाण्या झाल्या आणि प्रदूषण वगळू लागल्या.

पण कागद हवा. नुसत्या तोंडच्या वाफेवर कोणी दमडी देत नाही. आणि पॉलिसी त्यांची, तेव्हा भरपाई तुम्ही बाईंकडे मागायची नि त्यांनी ती मागणी कंपनीकडे धाडायची, असा रस्ता आहे. म्हणून वकिलाच्या आधी तू स्वतः जा. भांडण त्यांच्याशी नाही हे समजाव. रिकाम्या हातानं जाऊ नकोस, असं तुझी वहिनी सांगतेय.

धीर धर, आमचे आशीर्वाद पाठीशी आहेत.
दादा

मलिंगार, २१ मार्च १९९९

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि. डोळे पुसून लिहितेय.

बसनं स्वोर्ड्सला गेले, बेसनाचे लाडू नेले. बाईंनी चहा केला. मी विषय काढला मात्र, त्यांचा चेहरा उतरला. माझ्या टॉमनं लोकांच्या पाण्यात विष कालवलं असं म्हणतेस का, असं त्यांनी विचारलं. हो कसं म्हणू आणि नाही तरी कसं म्हणू? मी उठलेच. दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या की त्याचे विम्याचे कागद हॉट प्रेसमध्ये असायचे, तिथे नसले तर कुठेच नाहीत.

हॉट प्रेस, दादा! वाफेच्या इस्त्रीचं ते धूड दुकानात होतं. राहायला आलो त्याच आठवड्यात ते भंगारात दिलं, अडगळ काढा म्हणून मीच धोसरा लावला होता. कपाळ माझं! सलील तडक वकिलाकडे गेला. ईस्टर झाला की बाईंना नोटीस जाणार.

रागावू नकोस, पत्र मात्र लगेच टाक.
वृंदा

पुणे, ३० मार्च १९९९

चि. वृंदास,
आशीर्वाद. रागावलो नाही, पण मला हे पटत नाही. इतकी वर्षं दावे तपासले, वाफेच्या यंत्रात कागद ठेवणारा माणूस काही भेटला नाही. टॉम वेडा होता का? शब्दाचा अर्थ आपल्या मनानं लावू नये, ज्याचा शब्द त्यालाच विचारावा. तिथे हॉट प्रेस कशाला म्हणतात ते कोणा तिथल्याच माणसाला विचार. तोवर नोटीस अडवून धर.

काळजीत असलेला,
दादा

मलिंगार, ३ ऑक्टोबर १९९९

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि. एप्रिलमध्ये फोनवर मी नुसती रडलेच, म्हणून आता सगळं नीट लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा नोटीस टेबलावर तिकीट लावून तयार होती. मी सलीलला तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवत होते. तन्वीनं अभ्यासातून मान वर केली आणि तिच्या त्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, हॉट प्रेस म्हणजे मम्मी दही ठेवते ते. इथे कपाटालाच प्रेस म्हणतात, तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे आहे! सलील दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. टाकीच्या मागे, भिंतीला टेकून, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कोरडे ठणठणीत कागद, हवी ती सगळी वर्षं. मी मेली रोज त्यांच्या नाकासमोर विरजण लावत होते! सलीलनं नोटीस तिथेच फाडली.

डबा घेऊन बाईंकडे गेले. टॉमच्या अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, दर वर्षी हप्त्याच्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं. पोरांना धड बूट नाहीत आणि हा पैसे पाण्यात घालतो, म्हणून. डेक्लनच्या मुलांना चांगलं पाणी मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि त्यांनी कंपनीकडे धाडायच्या मागणीवर सही केली.

कंपनीनं आधी खूप आढेवेढे घेतले, पण तू सांगितलेलं नुकसानीचं वर्ष आम्ही सोडलं नाही. शेवटी कबूल झाले. कौन्सिलनं मुदत वाढवली, आता अंगणात खणायचं यंत्र धडधडतंय. डेक्लनकडे गावच्या पाण्याचा नळ आला, तोही त्याच पैशांतून.

काल बाई आल्या होत्या. आमच्याकडे चहा नको म्हणाल्या, तडक डेक्लनच्या दारात गेल्या आणि पेलाभर पाणी मागितलं. डेक्लननं नळाखाली पेला भरून दिला. उभ्या उभ्या सगळं प्यायल्या, पेला परत केला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, टॉमला सांगायला हवं होतं, पैसे पाण्यातच गेले.

वहिनीला नमस्कार. तुमचा लोभ असाच राहू दे.
वृंदा